चार्ज उतरला का?

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. काही टेबल, बस, स्टेशन यांच्यासारखे सरळमार्गी. वस्तू आली, तिच्याबरोबर शब्द आला आणि वस्तू आहे तोवर तो राहणार. दुसऱ्या प्रकारचे शब्द घरजावयासारखे असतात. ते एका निमित्ताने येतात, ओसरीवर टेकतात, हळूच माजघरात शिरतात आणि पाहता पाहता घरातल्या निम्म्या व्यवहारांत त्यांचा हात दिसू लागतो. 'लाइन' हा असा शब्द आहे, 'पास' आहे, 'नंबर' आहे. पण या सर्वांत ज्याच्याशी माझा १९८३ ते २०१९ अशी नोकरीची छत्तीस वर्षे रोज संबंध आला, ज्याच्यापायी मी माणसांना हसताना, भांडताना आणि क्वचित डोळे पुसतानाही पाहिले, तो शब्द म्हणजे 'चार्ज'.

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत आमचे बोरी लागते. काळ्या मातीचा मुलूख. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी ही पिके. गावात बाजारपेठ आहे, पोलीस ठाणे आहे, शाळा-दवाखाने आहेत. अशा गावात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत 'चार्ज' हा शब्द किती अर्थांनी कानांवर पडतो, याची कोणी मोजदाद केली तर गंमत वाटेल. "मोबाइल चार्जला लाव रे" हे तर घरोघरचे. "नव्या सायबानं चार्ज घेतला का?" ही पारावरची चौकशी. "ग्रामसेवकाकडं दोन गावांचा चार्ज हाय, आज तिकडं असतील" हे ग्रामपंचायतीच्या दारातले उत्तर. वर्तमानपत्रात कुठे लाठीचार्ज झालेला असतो, कोणाच्या तरी भावकीच्या भांडणात चार्जशीट दाखल झालेली असते. दवाखान्यातून बाळंतिणीला 'डिश्चार्ज' मिळालेला असतो, पोराचा 'रिचार्ज' संपलेला असतो, बँकेने 'कशाचे तरी चार्ज' कापलेले असतात. आणि या सगळ्यांत कोणीतरी एक जण कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो, कारण त्याच्या सातबाऱ्यावर 'चार्ज' आहे.

शब्द एक आणि त्याची बिऱ्हाडे दहा. या दहा बिऱ्हाडांचे मूळ घर एकच आहे, आणि ते मूळ घर शेतकऱ्याच्या अगदी ओळखीचे आहे.

मूळची गाडी

रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत 'कार्रुस' म्हणजे गाडी. हा शब्दही त्यांनी शेजारच्या केल्टिक लोकांकडून उचललेला. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते फ्रेंचमध्ये गेले आणि तिथून इंग्रजीत 'चार्ज' होऊन उतरले. 'कार' आणि 'कार्गो' ही याच कुळातली भावंडे. म्हणजे 'चार्ज'चा मूळ अर्थ गाडी भरणे, ओझे चढवणे. हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सगळे अर्थ एकामागून एक आपोआप उलगडतात.

तोफेत दारू भरली, ती 'चार्ज' झाली. माणसावर जबाबदारी टाकली, त्याने 'चार्ज' घेतला. एखाद्यावर गुन्ह्याचा आळ ठेवला, त्याच्यावर 'चार्ज' आला. गिऱ्हाइकावर पैशाचा भार टाकला, तो दुकानदाराचा 'चार्ज'. जमिनीवर कर्जाचे ओझे ठेवले, तो बँकेचा 'चार्ज'. आणि ओझे उतरवले की तो 'डिस्चार्ज', मग तो रुग्णाचा असो, धरणाच्या पाण्याचा असो की मुदत ठेवीच्या पावतीमागे केलेल्या सहीचा असो.

विजेच्या क्षेत्रात हा शब्द रूढ होण्यात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचा मोठा वाटा आहे. हा मुद्रक, पुढे मुत्सद्दी झालेला गृहस्थ १७४०च्या दशकात विजेचे प्रयोग करीत होता. काचेच्या बरण्यांत वीज 'भरली' जाते, अशी त्याची भाषा. अशा बरण्यांच्या रांगेला त्याने 'बॅटरी' म्हटले आणि हा शब्दही तोफखान्यातलाच, कारण तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणत. एका वस्तूवर जेवढी वीज जादा झाली तेवढी दुसऱ्या वस्तूवर कमी झाली पाहिजे, असे सांगून त्याने अधिक आणि उणे ही चिन्हे विजेला लावली. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाचून आपल्या जमा-नावेच्या वहीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इटलीच्या लुका पाचोली या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी हिशेबाची जी पद्धत सांगितली, तिचेही सूत्र तेच: एकाकडे नावे टाकल्याशिवाय दुसऱ्याकडे जमा होत नाही.

मौज अशी की आपण मोबाइल चार्ज करतो तेव्हा त्यात जादा 'चार्ज' साठत नाही. भौतिकशास्त्राचा कोणीही शिक्षक सांगेल की बॅटरीत अधिक आणि उणे यांची बेरीज शून्यच राहते. साठते ती ऊर्जा, रासायनिक रूपात. म्हणजे ज्या अर्थाने हा शब्द आज सर्वांत जास्त वापरला जातो, त्या अर्थाने तो काटेकोरपणे बरोबर नाही. पण त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. फोन चालतो ना, मग झाले. शब्दाच्या ढिलेपणाने जिथे कोणाचे नुकसान होत नाही तिथे तो ढिलेपणा खुशाल असावा, या मताचा मी आहे. माझा प्रश्न आहे तो जिथे नुकसान होते तिथला.

मराठीने काय केले?

इंग्रजीने एकाच शब्दावर इतकी कामे लादली, त्याच कामांसाठी मराठीने किती शब्द केले हे पाहण्यासारखे आहे. साहेबाने घेतलेला चार्ज म्हणजे 'पदभार' किंवा 'कार्यभार'. दुसऱ्याच्या जागी तात्पुरता बसलेला तो 'प्रभारी'. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातला विजेचा चार्ज म्हणजे 'प्रभार'. सरचार्ज म्हणजे 'अधिभार'. राज्याच्या अर्थसंकल्पात काही खर्च विधिमंडळाच्या मताला टाकावा लागत नाही; राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, राज्याच्या कर्जावरचे व्याज हे त्यांपैकी. इंग्रजीत हा 'चार्ज्ड' खर्च, मराठीत 'भारित'. जमिनीवरचा चार्ज म्हणजे 'बोजा'. पदभार, कार्यभार, प्रभार, अधिभार, भारित, बोजा: ओझ्याची कल्पना मराठीने कुठेही हातची सोडलेली नाही. शब्द वेगवेगळे केले, पण रोमन गाडी तशीच भरलेली ठेवली!

जिथे ओझ्याची कल्पना कामाची नव्हती तिथे मराठीने वेगळी वाट धरली. फौजदारी कामात 'दोषारोप', लाठीचार्जला 'लाठीमार', धरणाच्या डिस्चार्जला 'विसर्ग'. पावसाळ्यात येलदरी धरण भरले की विसर्गाचे आकडे पूर्णाकाठची गावे कान देऊन ऐकतात. जमिनीतल्या पाण्याच्या रिचार्जला 'पुनर्भरण' हा तर मला फार आवडलेला शब्द. मोबाइलचा रिचार्ज संपला की त्याच मिनिटाला कळते. विहिरीचा संपल्याचे फेब्रुवारीत कळते आणि तोवर पाऊस चार महिने लांब गेलेला असतो.

विजेचे बिल घरात असेल तर ते एकदा हातात घेऊन पाहा. महावितरणच्या मराठी बिलावर 'स्थिर आकार', 'वीज आकार', 'वहन आकार' असे शब्द दिसतील. इथे चार्जला 'आकार' म्हटले आहे. हा शब्द आला जमीन महसुलातून. शेतसाऱ्याची 'आकारणी' होते, सातबाऱ्यावर 'आकार' रुपये-पैशांत लिहिलेला असतो. ज्या माणसाने कधी हा शब्द बिलावर आणला असेल, त्याने शेतकऱ्याच्या ओळखीचा शब्द शेतकऱ्याच्या हाती दिला. परिभाषा कशी करावी याचा हा चांगला नमुना आहे.

तेव्हा मराठीत शब्द नाहीत, म्हणून इंग्रजी वापरावे लागते, ही सबब निदान या शब्दाच्या बाबतीत टिकत नाही. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली पदनाम कोश आला. शब्द घडवणाऱ्यांनी आपले काम केले. ते शब्द माणसांपर्यंत पोचवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी मात्र ते पुढच्याच्या गळ्यात घातले.

एका शब्दाचे व्याज

आता जिथे पैसे जातात तिथे येऊ.

बचतगटाच्या एक मावशी एकदा पासबुक घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. पासबुकात अठरा रुपयांची एक नोंद होती आणि तिच्यापुढे इंग्रजी संक्षेपात 'चार्जेस'. त्या म्हणाल्या, "सायेब, ह्यो चार्ज कामून कापला? माहा मोबाइल तं मी घरीच चार्ज करते." शाखेतले सगळे हसले, त्याही हसल्या. ती कपात होती फोनवर येणाऱ्या बँकेच्या संदेशांची. मी समजावून सांगितले आणि त्या गेल्या. पण विचार केला तर मावशींचा तर्क अगदी शुद्ध होता. त्यांना ठाऊक असलेला 'चार्ज'चा एकच अर्थ त्यांनी कागदाला लावून पाहिला आणि तो लागेना म्हणून त्या विचारायला आल्या. विचारायला न येणारे किती असतील?

अठरा रुपये सोडून देऊ. कर्जाच्या हप्त्याला उशीर झाला तर बँका पूर्वी 'दंडव्याज' लावीत. व्याज म्हटले की ते मुद्दलात मिळते आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढून सांगितले की उशिराबद्दल दंड घ्यायचा तर तो 'पीनल इंटरेस्ट' म्हणून घेऊ नका, 'पीनल चार्जेस' म्हणून घ्या. तो मुद्दलात मिळवू नका आणि त्याच्यावर व्याज आकारू नका. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. वरवर पाहता एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला. प्रत्यक्षात 'इंटरेस्ट'च्या जागी 'चार्ज' आल्याने दंडावर व्याज चढण्याचे चक्र थांबले. शब्दाच्या अर्थावर रुपये अवलंबून असतात ते असे. आता ज्या कर्जदाराला हे दोन शब्द सारखेच अगम्य आहेत, त्याला आपल्या खात्यात कोणता लावला गेला हे कसे कळायचे, आणि चुकीचा लागला तर तो तक्रार तरी काय करणार?

पोलीस-कोर्टाच्या बाबतीतही हेच. पोलिसांनी कोर्टात दाखल केलेली 'चार्जशीट' वेगळी आणि कोर्टाने निश्चित केलेला 'चार्ज' वेगळा. पोलिसांचा तपास संपला म्हणजे चार्जशीट येते. कोर्टाला खटला चालवण्याजोगे काही दिसले तर मग आरोप निश्चित होतात. त्यानंतर साक्षीपुरावे आणि शेवटी निकाल. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या पायऱ्या राहिल्याच आहेत. गावात मात्र "त्याच्यावर चार्जशीट झाली" म्हटले की माणूस गुन्हेगार ठरून मोकळा होतो. पोराची ठरलेली सोयरीक मोडते. निकाल चार वर्षांनी लागतो, तोवर ज्याचे जायचे त्याचे गेलेले असते.

सातबाऱ्यावरचे ओझे

पण या शब्दाचा सर्वांत जड अर्थ आमच्या भागात जमिनीवर बसलेला आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण आणि चार्ज या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. कलम १०० मधल्या चार्जमध्ये हक्क जात नाही; त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याची वाट तेवढी राखून ठेवलेली असते. सहकारी सोसायटीचा सभासद कर्ज घेताना जो 'इकरार' लिहून देतो, त्याने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे असाच बोजा त्याच्या जमिनीवर निर्माण होतो. मग फेरफार होऊन तो सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात चढतो.

चढतो हे खरे, उतरण्याचे काय? पेच इथे आहे. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो असा सर्वसाधारण समज. तसे होत नाही. बँकेने कर्ज निल झाल्याचा दाखला द्यावा लागतो, त्यावरून तलाठ्याने, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफार धरावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि मग सातबारा कोरा होतो. चढवताना बँकेला घाई असते, कारण बोजा चढल्याशिवाय कर्ज हाती पडत नाही. उतरवताना घाई फक्त शेतकऱ्याला असते, आणि तीसुद्धा त्याला ते ठाऊक असेल तर.

मी निवृत्त झाल्यानंतर आमच्याच पंचक्रोशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. नाव सांगण्याचे कारण नाही, बँकेचेही नाही. मुलीचे लग्न ठरले होते आणि त्यासाठी ते एक एकर विकत होते. कर्ज कधीचेच फिटलेले. इसार घेण्याच्या दिवशी घेणाऱ्याने सातबारा पाहिला आणि तो म्हणाला, "दादा, चार्ज हाय की तुमच्या रानावर." हे बँकेत गेले. तिथे उत्तर मिळाले, खाते निल आहे, आमचा काही चार्ज नाही. हे तलाठ्याकडे गेले. तिथे उत्तर मिळाले, बोजा आहे, बँकेचा दाखला आणा. पुन्हा बँकेत गेले तर साहेब रजेवर आणि दुसऱ्या साहेबाकडे चार्ज नव्हता. चौथ्या खेपेला दाखला मिळाला, त्याचे 'चार्जेस' कापून. या धावपळीत घेणारा दुसरीकडे गेला. लग्न थांबत नसते. या गृहस्थांनी दोन लाख रुपये शेकडा तीनने उचलले. म्हणजे महिन्याला सहा हजार, तीन महिन्यांचे अठरा हजार. ते मला म्हणाले, "भाऊ, बँकेत चार्ज न्हाई, रानावर चार्ज हाय, सायबाकडं चार्ज न्हाई आन् दाखल्याला चार्ज हाय. ह्ये कोन्तं चार्ज म्हनायचं?"

हा विनोद त्यांनी केला नव्हता. त्यांना खरोखरच विचारायचे होते.

आपल्याकडे कर्जमाफ्या काही कमी झाल्या नाहीत. १९९० साली केंद्राने दहा हजारांपर्यंतची सवलत दिली. २००८ साली पुन्हा केंद्राची कर्जमाफी झाली. २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची आली. प्रत्येक वेळी रकमेची चर्चा झाली, याद्यांची झाली, पात्र-अपात्रतेची झाली. 'बोजा कोण आणि किती दिवसांत उतरवणार', हा प्रश्न मात्र माणसामाणसावर सोडला गेला. खात्यातून गेलेले कर्ज कागदावर राहिले, तर ते अर्धेच गेले असे मी म्हणेन. कारण पुढचे कर्ज, जमिनीची वाटणी, विक्री, सगळे त्या एका ओळीशी येऊन अडते.

मागणे काय?

काही वाचक म्हणतील, हे भाषाशुद्धीचे जुनेच तुणतुणे. तसे नाही. मोबाइल खुशाल 'चार्ज' करावा. त्याला 'प्रभारित करा' म्हणणाऱ्याला घरातली लेकरेसुद्धा हसतील. बोलण्यात शब्द आपल्या वाटेने जातात आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे कागदापुरते आहे. ज्या कागदावर सही किंवा अंगठा घेऊन माणसावर ओझे टाकले जाते, त्या कागदावर ते ओझे कोणते, हे त्याला कळेल अशा शब्दात लिहिलेले असले पाहिजे.

दुसरे कोणी म्हणतील, शेतकऱ्याला सगळे कळते, तो काही भोळा राहिलेला नाही. हेही खरे आहे. आमच्याकडचा शेतकरी बाजारभाव, हवामान, औषधांची मात्रा मोबाइलवर पाहतो. पण त्याची हुशारी कागद न समजण्याची भरपाई करू शकत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हे चांगले ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि कारभार उर्दूत चाले. घरात कागद आला की उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागे आणि तो जे सांगेल ते खरे मानावे लागे. राज्य बदलले, भाषा बदलली. कागद वाचून दाखवणारा माणूस शोधण्याची गरज मात्र पुरती गेली नाही; फक्त उर्दूच्या जागी इंग्रजी आली.

नियम नाहीत असेही नाही. सामान्य ग्राहकांसाठीचे छापील अर्ज, पावत्या, पासबुके इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत असावीत, असे रिझर्व्ह बँक फार पूर्वीपासून सांगत आली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या मुदती कर्जांसाठी सर्व आकारांची माहिती देणारे एक पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत देणे आणि ते समजावून सांगणे बंधनकारक झाले. त्याआधी, १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला चार्ज उतरवावा असे ठरले. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे अमलात आहे. शहरात घरासाठी कर्ज घेणाऱ्याला यामुळे मोठा दिलासा मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण या दोन्ही आदेशांच्या शब्दांत पीककर्ज सरळपणे बसत नाही. सदनिकेवरचा चार्ज तीस दिवसांत उतरतो, तर रानावरचा का नाही?

म्हणून माझी तीन साधी मागणी आहेत. पहिली, कोणतेही शेतीकर्ज फिटले किंवा माफ झाले की बोजा कमी करण्याची कारवाई बँकेने आणि सोसायटीने स्वतःहून, तीस दिवसांत सुरू करून पूर्ण करावी. महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीतून बोजा चढवण्याचा व उतरवण्याचा अर्ज बँकेला जागेवरून करता येतो. तेव्हा शेतकऱ्याने दाखला खिशात घालून हेलपाटे मारण्याचे कारण उरलेले नाही. दुसरी, पासबुकात नुसते 'चार्जेस' लिहिणे बंद व्हावे. संदेश आकार, दाखला आकार, उशिराचा दंड असे जे असेल ते मराठीत लिहावे. महावितरणला जे बिलावर जमते ते बँकेला पासबुकावर जमू नये असे काही नाही. तिसरी, कर्जमाफीची पुढची कोणतीही घोषणा होईल तेव्हा तिच्या आदेशातच बोजा उतरवण्याची तारीख आणि ते काम कोणाचे, हे लिहिलेले असावे.

आणि वाचकांनाही एक विनंती आहे. घरी शेती असेल, तर या आठवड्यात सातबारा काढून 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. फिटलेल्या कर्जाची ओळ तिथे बसलेली असेल तर आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लग्नाची किंवा दवाखान्याची घाई अंगावर येईपर्यंत थांबू नका. घरात शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांना सांगा. आजोबांच्या नावावरची एक ओळ उतरवणे हे परीक्षेच्या मार्कांइतकेच मोलाचे काम आहे.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. गाडी किती भरली यापेक्षा ती कशी भरली हे महत्त्वाचे. ओझे पुढे फार झाले तर गाडी धुरजड होते आणि बैलांची मान मोडते. मागे फार झाले तर ती उलाळ होते आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावते. कर्ज देणारा आणि घेणारा हे एकाच गाडीचे दोन भागीदार आहेत. कागद समजण्याचे, हेलपाट्यांचे, उशिराचे आणि दाखल्याच्या पैशांचे सगळे ओझे आज घेणाऱ्याच्या बाजूला रचलेले आहे. ते थोडे सरकवून नीट भरावे, एवढेच मागणे आहे.